तिसऱ्या मजल्यावरची फातिहा

इब्राहिमिय्या, अलेक्झांड्रिया
मंगळवार, दुपारच्या चहानंतर

चिरंजीव वजदी यास,

तुझ्या तहिय्यामावशीचे सलाम आणि पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे, सूनबाईची कंबर कशी आहे, धाकटीचे दुधाचे दात पडायला लागले का? आम्ही इथे खुशाल आहोत, आम्हाला कशाचीही उणीव नाही, फक्त तुझं तोंड दिसण्याची तेवढी आहे, असं पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर लिफ्टचीही उणीव आहे (ती रमजानपासून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध उभी आहे, ना त्यांची ना आमची) आणि सकाळच्या पाण्याची. तुझं तोंड या दोन्हींच्या वर धरते, पण फार वर नाही. गुरुवारी नेहमीप्रमाणे पाचव्या मजल्यावर चढून तुझ्या आईच्या घराच्या खिडक्या उघडून आले, धूळ झटकली, तुळईवरचं जाळं काढलं. चार वर्षं घर बंद आहे, पण कोळ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू “हो मावशी, हो मावशी” म्हणत मागे दुसऱ्याच कुणाशी तरी घरांच्या भावाची बोलणी करत असतोस. पत्राला “हो” म्हणून चालत नाही, ते वाचावंच लागतं. तुझ्या तांता शहराला येणाऱ्या गाडीवाल्याकडे हे देते आहे, सोबत लिंबाच्या लोणच्याची बरणी आहे. पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय बरणी उघडू नये.

तर तू विचारलं होतंस की घर-जमिनीत पैसे घालणाऱ्या लोकांसाठी तू जे सल्ल्याचं पान चालवतोस, त्यावर टाकायला तुझ्या फुआदकाकांच्या तीस वर्षांच्या दलालीतल्या चार कामाच्या गोष्टी लिहून पाठव. पाठवते. तुझं कार्डही पाहिलं. औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून तीन दिवस हॉटेलातल्या शिकवणीला बसून आलास आणि चौथ्या दिवशी “सल्लागार” झालास, याचं मला कौतुकच आहे. तुझ्या काकांना तीस वर्षांत कुणी सल्लागार म्हटलं नाही. ते कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात खिडकीजवळच्या खुर्चीवर बसत आणि लोक त्यांना “ए फुआद” म्हणत. पण या रस्त्यावरची निम्मी घरं त्यांच्या हातून गेली, आणि ज्यांना दिली त्यातलं कुणी त्यांना पाहून रस्ता ओलांडून पलीकडे गेलं नाही. दलालासाठी ही मोठी गोष्ट आहे. तू तुझ्या गिऱ्हाइकांना पाच वर्षांनी रस्त्यात भेटून बघ.

त्यांची पहिली गोष्ट अशी होती की दोष आधी सांगावा. घर दाखवताना ते दारातच उभे राहून म्हणायचे, चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, शेजारीण गाते, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आहे. आता आत चला. आत गेलेल्या माणसाला मग घर अपेक्षेपेक्षा चांगलंच दिसायचं. (माझ्या बाबतीतही त्यांनी लग्नाआधी माझ्या वडिलांना स्वतःचे दोष सांगितले होते. वडिलांना वाटलं नम्रपणा आहे.) दुसरी गोष्ट, जी बाई पडद्यांची तारीफ करते ती घेत नाही, जी न बोलता न्हाणीघरात जाऊन नळ सोडते आणि धार किती वेळ टिकते ते बोटांवर मोजत उभी राहते, तिच्यासाठी चहा मागवावा. तिसरी, घर घेण्याआधी मालकाला नाही, दारवानाला विचारावं. मालकाला घराबद्दल जे वाटतं ते तो सांगतो, दारवानाला घराबद्दल जे माहीत असतं ते तो सांगतो. त्याच्यासाठी मात्र जाताना सिगरेटचं पाकीट न्यावं आणि ते हातात देऊ नये, बाकावर विसरावं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. कुणी घर विकायला आलं की ते भाव विचारत नसत. ते विचारत, “विकून जाणार कुठे?” माणूस म्हणाला मुलाकडे जाणार, गावाला जाणार, कुवेतला जाणार, तर काम हातात घेत. माणूस गप्प राहिला तर त्याच्यासाठी कॉफी मागवत आणि म्हणत, हे घर विकायला निघालेलं नाही, तू भांडून निघालेला आहेस, घरी जा. असे किती सौदे त्यांनी घालवले असतील ते मला विचारू नकोस. तुझी आई म्हणायची, तहिय्या, तुझा नवरा दलाल नाही, काझी आहे.

या चार गोष्टी झाल्या. तुझं पान भरलं असेल. आता मी तुला सांगते की तुझ्या तीन दिवसांच्या शिक्षणाने माझ्यावर काय वेळ आणली.

ईदला तू आलास, माझ्या हातची मुलूखिय्या दोनदा घेतलीस आणि म्हणालास की मावशी, एकट्या बाईला एवढं घर म्हणजे झोपलेला पैसा आहे. मी म्हटलं, मीही दुपारी झोपते, पैशाला झोपू दे. पण तू कागद काढलास. हे घर विकायचं, वाळवंटातल्या नव्या शहरात नकाशावरचं घर घ्यायचं, चार वर्षांनी ताबा. चार वर्षं मी कुठे राहायचं ते कागदावर नव्हतं. (ट्राममध्ये राहावं असा विचार असेल, तर रमल्याच्या ट्राममध्ये बायकांचा डबा वेगळा आहे, सोय बरी होईल.) मी “बघू” म्हटलं. आपल्या घरात “बघू” म्हणजे नाही, हे तुझ्या आईने तुला शिकवलं होतं. हॉटेलातल्या लोकांनी ते तीन दिवसांत पुसलेलं दिसतं. कारण तू लगेच उठून माझ्या घराचे फोटो काढलेस.

तुझी जाहिरात मी वाचली. तुला माहीत आहे, मी वाचायला शिकले तीच जाहिरातींवर. लग्नाला आठ वर्षं झाली तरी मला अक्षर येत नव्हतं. काका वर्तमानपत्रात द्यायच्या जाहिराती मोठ्याने म्हणत आणि मी छापून आल्यावर बोटाने शोधत असे. मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य “उत्तरेचा वारा, दोन खोल्या, मालक प्रामाणिक” हे आहे. त्यानंतर नबी दानियाल रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवरून पुष्कळ काही आणून वाचलं, पण इतकं थोडक्यात सगळं सांगणारं फारसं मिळालं नाही. त्यामुळे तुझी जाहिरात मी जाणत्या नजरेने वाचली असं समज. त्यात माझी बैठकीची खोली फुटबॉलच्या मैदानाएवढी आहे, लिफ्ट आहे (आहे, मी नाही म्हणत नाही), आणि वर ठळक लिहिलं आहे, समुद्र दिसतो.

वजदी, या घरात मी एकेचाळीस वर्षं आहे. समुद्र दिसतो, पण न्हाणीघरात स्टूल ठेवून त्यावर चढलं, खिडकीच्या गजाला धरलं आणि डावा कान बाहेर काढला तर, दोन इमारतींच्या मधे, वाळत घातलेल्या चादरीएवढा. चादर वाळत घातलेली नसेल तर. महिनाभर माझ्याकडे लोक येत होते आणि दारातच विचारत होते की समुद्र कुठे आहे. मी तुझ्या काकांच्या पद्धतीने दोष आधी सांगायचे आणि मग स्टूल आणून द्यायचे. एक निवृत्त न्यायाधीश चढले. त्यांना उतरवायला दारवान सब्रीला वर बोलवावं लागलं.

शिवाय तू ज्याला माझ्या मागे लावलास तो दलाल, उस्ताद मिद्हत. तीन फोन, एक सुगंध. तो माणूस वाईट नाही, त्याला फक्त घाई आहे. त्याने तुझाच मंत्र मला पुन्हा वाचून दाखवला, की घरातून मालकाच्या खुणा काढून टाकाव्यात, म्हणजे येणाऱ्याला स्वतःचं घर डोळ्यांपुढे आणता येतं. म्हणून बैठकीच्या भिंतीवरचा तुझ्या काकांचा शोकाच्या काळ्या फितीचा फोटो उतरवायचा. मी उतरवला. भिंतीवर फोटोएवढा पांढरा चौकोन राहिला, तो फोटोपेक्षा जास्त दिसायला लागला. फोटो मी कपाटात घालणार नव्हते (सव्वीस महिने झाले, माणसाला अंधार किती दाखवायचा), म्हणून ताटांच्या फडताळावर उभा केला. फीतही सुटून पडली होती, ती लावायची राहिली. हे लक्षात ठेव.

मागच्या बुधवारी मिद्हत हज करून आलेल्या हज्जा बहिय्यांना घेऊन आला. मन्शिय्याला त्यांचं बटणं, दोरे आणि लेसचं दुकान आहे. त्याही नवऱ्यामागे राहिलेल्या, एक मुलगा, तामिर, बंदरात क्रेन चालवतो. त्याचं लग्न ठरलंय आणि मुलीच्या वडिलांनी सांगितलंय की घराची किल्ली माझ्या हातात ठेवा, मग काझीला बोलवा. महिनाअखेरपर्यंत मुदत. हज्जा गप्पपणे न्हाणीघरात गेल्या. नळ सोडला. मी चहा ठेवला. बाहेर येऊन बसल्या, आणि फडताळाकडे पाहून विचारलं की हे कोण. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “फुआद? खिडकीजवळ बसायचे ते? मला माझं घर त्यांनीच बघून दिलं. ओल आहे म्हणून आधीच सांगितलं होतं. अजून आहे.” आणि त्यांना ते गेल्याचं ठाऊकच नव्हतं. मी मान हलवली. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. एवढ्यात मिद्हत तिसऱ्या फोनवरून मोकळा होऊन बाल्कनीतून आत आला, दोन बायका एकमेकींचे हात धरून बसलेल्या पाहिल्या, आणि तळवे वर करून म्हणाला, “चला तर, फातिहा वाचू या.”

मला तो माणूस पहिल्यांदा आवडला. म्हटलं, फोनांच्या गर्दीतही याला गेलेल्या माणसाची जाण आहे. मिद्हतच्या डोक्यामागे बरोबर तुझ्या काकांचा फोटो होता. मी त्यांच्याकडे बघत मनापासून फातिहा वाचली, एक शब्दही न गाळता, आणि तोंडावरून हात फिरवले. हज्जांनीही फिरवले. मिद्हत म्हणाला, मुबारक असो. मला वाटलं, तरुण आहे, शोकाच्या घरी काय बोलावं हे अजून कळत नाही. त्याने खालून गुलाबाचं सरबत मागवलं. मला जरा जास्त वाटलं, पण मी प्यायले. संध्याकाळी दारवान सब्री वर आला आणि फार अदबीने विचारलं, “मॅडम, जाताना फ्रिज नेणार की ठेवणार?”

तेव्हा मला कळलं की मी घर विकलं आहे.

तू म्हणशील, त्यात काय, कागद कुठे झाला आहे. तुझ्या हॉटेलात कागदाचं शिकवलं असेल, फातिहाचं शिकवलं नसेल, की कुराणातली ती एकच सुरुवातीची प्रार्थना गेलेल्या माणसासाठीही वाचतात आणि सौदा पक्का करायलाही. तुझ्या काकांनी एकदा एका दुकानाच्या सौद्याची फातिहा वाचून घेतली आणि तासाभरात दुसरा माणूस दीडपट घेऊन आला. मालकाचं मन फिरलं. काका घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले, दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मालक स्वतः वर आला आणि म्हणाला, ऊठ फुआद, पहिल्यालाच देतो, बायको मला घरात घेईना. त्यांचं म्हणणं असं की कागद वकील फाडू शकतो, फातिहा फाडायला अजून कुणी जन्माला आलेलं नाही. त्यांची खुर्ची कॉफीच्या दुकानात अजून रिकामी ठेवतात. आता त्यांच्याच बायकोने वाचलेली फातिहा मोडली, असं त्या खुर्चीभोवती बसून लोक बोलले असते. मी घरावाचून राहू शकले असते. ते मला ऐकवलं नसतं.

म्हणून मी बांधाबांध सुरू केली. तीन दिवस ताटं वर्तमानपत्रात गुंडाळत होते आणि गुंडाळण्याआधी वर्तमानपत्र वाचत होते, त्यामुळे काम हळू चाललं. आणि प्रत्येक ताटागणिक ते फडताळावरून विचारत होते, विकून जाणार कुठे? तुझ्याकडे येऊ म्हटलं तर तुझी दोन खोल्यांची जागा, त्यातली एक तुझ्या सल्ल्याने भरलेली. त्यांनी मला कॉफी मागवून घरी पाठवलं असतं. पण मी घरीच होते.

शनिवारी मी ट्राम पकडून हज्जांच्या दुकानात गेले. घर देते म्हणायचं, फक्त जागा शोधायला वेळ मागायचा, असं ठरवून गेले होते. त्या एका गिऱ्हाइकाला लेस मोजून देत होत्या. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

“हज्जा, मी खोटं बोलू शकत नाही. ती फातिहा मी माझ्या नवऱ्यासाठी वाचली.”

त्यांनी लेस मोजायची थांबवली. “मग मी कुणासाठी वाचली असं वाटलं तुला? तुझ्या न्हाणीघरासाठी?”

तर गोष्ट अशी निघाली. त्यांना घर पसंत नव्हतं. नळाची धार बोटांवर मोजली तेव्हाच त्यांनी नाही ठरवलं होतं. समुद्राचं म्हणशील तर त्या स्टुलावर चढल्याच नव्हत्या, म्हणाल्या, त्या वयाच्या मी नाही आणि तो समुद्रही. फोटोतला माणूस ओळखीचा निघाला, म्हणून त्यांनीही काकांसाठीच वाचली. जिन्यात मिद्हतने त्यांना सांगितलं की आता मॅडमने शब्द दिला आहे, तुम्ही मागे फिरू नका, विधवा बाई आहे. विधवेला दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून ही दुसरी विधवा तीन दिवस सोनाराकडे बांगड्या दाखवत फिरत होती, नको असलेल्या घरासाठी. आणि मी हव्या असलेल्या घरातली ताटं गुंडाळत होते. दुकानातली ती लेसवाली गिऱ्हाईक सगळं ऐकत उभी होती. ती म्हणाली, म्हणजे सौद्याची फातिहा एकट्या दलालाने वाचली. मग आम्ही तिघीही हसलो. हज्जांनी चहा मागवला. मिद्हतची फातिहाही वाया गेली नाही असं मी धरते, तिघांची मिळून पोचली असेल. माणसाचं तीस वर्षांचं काम होतं, तीन तर हव्यातच.

मिद्हतला मी बोलावून सगळं सांगितलं आणि जेवायला घातलं. तो पहिल्यांदाच तिन्ही फोन खिशात ठेवून जेवला. त्याने विचारलं, काका अजून काय काय सांगायचे. मी म्हटलं, आधी बघायचं की बाई रडते आहे ती कशासाठी, मग हात वर करायचे. त्याने ते फोनात लिहून घेतलं. तूही घे.

बाकी सर्व ठीक. फोटो परत भिंतीवर गेला, पांढरा चौकोन झाकला, फीत शिवून लावली. सूनबाईला आणि लेकरांना माझे मुके.

तुझी मावशी,
तहिय्या

ता. क. जाहिरात काढून टाक. आज सकाळीच एक जोडपं दुर्बीण घेऊन आलं होतं.

ता. क. दुसरा. पानावर माझं नाव टाकू नकोस. काकांचं टाकलंस तर “सल्लागार” लिहू नकोस. “ए फुआद” लिही.

ता. क. तिसरा. हज्जांच्या तामिरला घर अजून मिळालेलं नाही आणि महिना संपायला नऊ दिवस आहेत. शनिवारी त्यांच्याबरोबरच ट्रामने परत आले. होणारी सून वाटेत भेटली, रीम नाव, शाळेत शिकवते, जिने चढताना धापही लागली नाही. म्हणून म्हटलं, आलीच आहेस तर पाचवा मजला बघ. फक्त बघ. किल्ली माझ्याकडे असते हे तुला माहीत आहे. दोष मी दारातच सांगितले, की लिफ्ट नाही, पाणी पहाटे येतं, आणि मालक तांत्याला सल्लागार आहे.

ता. क. चौथा. तू जगाला सांगतोस की घरात भावना ठेवू नयेत, त्या चपलांबरोबर दाराबाहेर काढाव्यात. आणि चार वर्षं आईचं शिवणयंत्र, तिच्या चष्म्यासकट, जसंच्या तसं झाकून ठेवतोस. मी तुला त्यावरून कधी बोलले नाही, आताही बोलत नाही, मीही फोटोशी बोलते. तुला विकायला सांगत नाही. भाड्याने दे, पाच वर्षं, किल्ली परत येते. काकांचा प्रश्न मी तुझ्या वतीने स्वतःलाच विचारून पाहिला, की घर दिलं तर जाणार कुठे. तुझ्या आईला कुठे जायचं नाही, वजदी. ती गेली आहे. यंत्र आणि चष्मा माझ्या खिडकीशी येतील, धाकटीला मी शिवायला शिकवीन.

ता. क. पाचवा, आणि हा सूनबाईसमोर वाच, म्हणजे ती तुला धरून ठेवील. काल दुपारी मुलीचे वडील, हज्जा आणि मी अशी पाचव्या मजल्यावर फातिहा वाचली. या वेळी समोर फोटो नव्हता, भिंतच होती, आणि मी काय वाचते आहे हे मला पक्कं माहीत होतं. त्यांना मी सांगितलंय की किल्ली देणं माझ्या हातात नाही, मालक अजून हो म्हणायचा आहे. तू नाही म्हणू शकतोस. फातिहा मी वाचली आहे, तू नाही. पण नाही म्हणायचं असेल तर ते तांत्यातून चालणार नाही. शुक्रवारी ये, वर चढ, आईच्या स्वयंपाकघरात उभा राहा आणि मग म्हण. हो म्हणायचं असेल तरी तसंच. आता बरणी उघड.

ता. क. शेवटचा. रीम त्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बराच वेळ उभी होती. मी विचारलं, काय बघतेस. म्हणाली, समुद्र. स्टूल लागलं नाही. तुझी जाहिरात खरी होती, फक्त दोन मजले खाली छापली होतीस.